मेलमध्ये मांडणी किती करावी आणि लिंक कशी द्यावी

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत असा: वाचनालयाचं मासिक पत्र तुम्ही आधी संकेतस्थळावर पान म्हणून तयार करता, तेच कॉपी करून मेल पाठवायच्या सेवेत चिकटवता आणि हजारेक सभासदांना धाडता. पानावर सगळं झकास दिसतं. मेलमध्ये मात्र काहींकडे तीन रकान्यांची मांडणी विस्कटते, काहींना शेवटचा भाग दिसतच नाही, वरच्या अनुक्रमणिकेवर क्लिक केलं तर काही होत नाही, आणि वर्गणी भरायच्या लिंकवर दोघा-तिघांना 'लिंक संशयास्पद आहे' असा इशारा आला. दोन्हीकडे एचटीएमएलच (पान लिहायची खुणांची भाषा) आहे, मग हे असं का, आणि नेमकं करायचं काय?

एचटीएमएल तेच आहे, पण ते दाखवणारे निराळे आहेत. वेबपान दाखवणारे ब्राउझर मोजकेच, आणि ते बऱ्यापैकी एकाच नियमाने चालतात. मेलच्या बाबतीत प्रत्येक कंपनीने आपापली चाळणी लावली आहे आणि त्यामागे सबळ कारण आहे. ब्राउझरमध्ये जीमेल उघडलं की तुमचं मेल जीमेलच्या स्वतःच्या पानाच्या आत बसवलेलं असतं. तिथे तुमची स्क्रिप्ट, म्हणजे पानाच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम, चालू दिली तर वाचणाऱ्याचं खातंच कुणाच्या तरी हाती जाईल. तुमचं सीएसएस, म्हणजे रंग-मांडणीच्या सूचना, मोकळं सोडलं तर जीमेलची बटणं इकडची तिकडे होतील. भाड्याच्या खोलीत रंग लावता येतो, भिंत पाडता येत नाही, तसा हा मामला. त्यामुळे स्क्रिप्ट आणि आयफ्रेम (पानात बसवलेलं दुसरं पान) सरळ काढून टाकले जातात, फॉर्म कुठे चालतो कुठे नाही, एखादी गोष्ट पानावर अमुक जागी चिकटवून ठेवणारं सीएसएस बहुतेक ठिकाणी गळून पडतं.

म्हणून माझं उत्तर असं, की मेलमध्ये मांडणी जेवढ्यास तेवढी ठेवा, सगळं लक्ष लिंकवर द्या, आणि देखणेपणा पानावरच राहू द्या. मांडणी थोडी बिघडली तरी माणूस वाचतो. लिंक चुकली किंवा तिच्यावर शंका आली तर तुमचं काम तिथेच अडतं.

किती साधं ठेवायचं हे मात्र तुमचे सभासद मेल कशावर वाचतात यावर अवलंबून आहे. बहुतेक जण फोनवर जीमेलमध्ये वाचत असतील तर बरीच मोकळीक मिळते. त्यात बँकेत, सरकारी कचेरीत, मोठ्या कंपनीत काम करणारे पुष्कळ असतील आणि त्यांनी कचेरीचा पत्ता दिला असेल, तर आउटलुक डोळ्यांसमोर ठेवून चाला. मेल कशासाठी आहे हेही पाहायला हवं. व्याख्यानाच्या निमंत्रणाला थोडी सजावट शोभते. वर्गणी थकल्याची आठवण मात्र मी कायम साध्या पत्रासारखी पाठवायला सांगतो. ग्रंथपालांच्या नावाने, चार ओळी, खाली एक लिंक. रंगीत पट्टे लावले की ती जाहिरात वाटते आणि लोक पुढे सरकतात.

आता विस्कटलेले रकाने. विंडोजवरचं जुनं आउटलुक २००७ च्या आवृत्तीपासून मेलमधलं एचटीएमएल दाखवायला वर्डचं इंजिन वापरतं. होय, पत्रं टाइप करायचं वर्ड. त्याला रकाने मांडायच्या फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड या नव्या पद्धती समजत नाहीत, कमाल रुंदीची सूचना ते पाळत नाही, बटणाचे गोल कोपरे चौकोनी करून टाकतं. विंडोजसाठीचं नवं आउटलुक वेबवर आधारलेलं आहे, त्यात हा त्रास नाही. पण कचेऱ्यांमधून जुनं अजून गेलेलं नाही, आणि मायक्रोसॉफ्टनेही त्याला निदान २०२९ पर्यंत आधार द्यायचं म्हटलं आहे. म्हणून मेलचे टेम्प्लेट करणारे लोक आजही टेबल वापरतात. नव्या वेब डेव्हलपरना याचं हसू येतं, पण वर्डला टेबल नीट समजतं, एवढं कारण पुरेसं आहे.

तुम्ही एकच रकाना ठेवा. रुंदी साधारण ६०० पिक्सेल, बाहेरून एक टेबल, मोकळी जागा सोडायची ती टेबलाच्या घराला पॅडिंग देऊन. रंग, अक्षराचा आकार वगैरे त्या त्या टॅगमध्येच (एचटीएमएलच्या खुणेतच) लिहा. जीमेलने २०१६ साली कोडच्या वरच्या भागात एकत्र लिहिलेली स्टाइल आणि स्क्रीनच्या रुंदीनुसार बदलणारे नियम मान्य केले खरे, पण जीमेलच्याच ॲपमध्ये कुणी दुसऱ्या कंपनीचं खातं जोडून वाचत असेल तर ती स्टाइल गळते. एकच रकाना असला की फोनसाठी वेगळे नियम लिहायची वेळच येत नाही. मांडणीसाठी वापरलेल्या टेबलाला 'प्रेझेंटेशन' हा रोल द्यायला विसरू नका, म्हणजे स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्या सभासदाला 'ओळ एक, रकाना एक' असं ऐकत बसावं लागणार नाही.

शेवट कापला जाण्याचं कारण सोपं आहे. मेलचं एचटीएमएल १०२ केबीच्या वर गेलं की जीमेल पुढचा भाग दाखवत नाही, खाली पूर्ण मेसेज पाहण्याची एक बारीकशी लिंक देतं. ती फार कुणी दाबत नाही. चित्रं या हिशेबात येत नाहीत, ती वेगळी आणली जातात. देवनागरी चिन्हाला यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत तीन बाइट लागतात हे खरं, पण तरी १०२ केबीमध्ये चौतीसेक हजार चिन्हं मावतात. एवढं पत्र तुम्ही लिहीत नसणार. जागा खाल्ली आहे ती चिकटवताना सोबत आलेल्या कचऱ्याने. वेबपान किंवा वर्डमधून कॉपी केलं की प्रत्येक परिच्छेदाभोवती पाच-सहा निरुपयोगी स्पॅन नावाचे टॅग आणि लांबलचक स्टाइल येतात. आणखी एक गोष्ट तपासा. तुमच्या सेवेत मेलचा कोड बघायची सोय असेल तर तो उघडा. तिथे मराठी अक्षरं दिसण्याऐवजी अँपरसँड, हॅश, २३५० आणि अर्धविराम असं काहीतरी दिसतंय का? हा 'म' आहे. काही एडिटर प्रत्येक मराठी चिन्ह असं आकड्यात लिहितात. मग तीन बाइटच्या 'म'ला सात बाइट लागतात आणि पत्र दुपटीहून फुगतं. सेटिंगमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ केलं की बहुधा हे थांबतं.

उपाय एकच: चिकटवताना फक्त मजकूर चिकटवा, फॉरमॅटिंग नको. मग हाताने चार गोष्टी द्या: मथळे, ठळक अक्षर, यादी, लिंक. एवढ्यात मासिक पत्र आरामात होतं.

मराठी मजकुराचे स्वतःचे काही हट्ट असतात, ते इंग्रजी मार्गदर्शनात सापडत नाहीत म्हणून थोडं सविस्तर लिहितो. अक्षरांमधलं अंतर वाढवायची सूचना देवनागरीला कधीही देऊ नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द दातांमध्ये फटी पडल्यासारखा दिसतो. तिरपं अक्षर टाळा. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपटीहून थोडं जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकतात. लिंकखालची रेघही उकारांना छेदते. तरी ती काढू नका, कारण फक्त रंगावरून लिंक ओळखणं अनेकांना जमत नाही. त्याऐवजी लिंकचा मजकूर दोन-चार शब्दांचाच ठेवा.

संकेतस्थळावर वापरलेला सुंदर फॉन्ट मेलमध्ये येईल ही आशा सोडा. ॲपल मेल तो आणून दाखवतं, जीमेल दाखवत नाही. फॉन्टच्या यादीत निर्मला यूआय, कोहिनूर देवनागरी, नोटो सॅन्स देवनागरी आणि शेवटी साधा सॅन्स-सेरिफ द्या, म्हणजे विंडोज, ॲपल आणि अँड्रॉइड तिघांकडेही घरचा फॉन्ट मिळतो. आणि छापखान्यातून आलेला मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. तुमच्या संगणकावर तो फॉन्ट आहे म्हणून तुम्हाला मराठी दिसतं. सभासदाला रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते.

याच त्रासाला कंटाळून आपल्याकडे अख्खं निमंत्रण जेपीईजी करून पाठवायची पद्धत पडली आहे. व्हॉट्सॲपवर ते ठीक आहे. मेलमध्ये आउटलुक अनोळखी पत्त्यावरून आलेली चित्रं आपोआप उघडत नाही, त्यामुळे निमंत्रणाच्या जागी एक रिकामी चौकट येते. पुढच्या आठवड्यात कुणी 'व्याख्यान' असं शोधलं तर ते मेल सापडत नाही. चित्राचं निमंत्रण करायचंच असेल तर करा, पण वक्ता, विषय, तारीख, वेळ, जागा हे सगळं खाली मजकुरातही लिहा, आणि चित्राला पर्यायी मजकूर द्या. शाळेत अंध मुलाला कुणी फलक वाचून दाखवावा तेवढ्या शब्दांत.

आता लिंक. तुमच्या चार तक्रारींत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती संशयाच्या इशाऱ्याची. तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज असा: मेलमध्ये तुम्ही संकेतस्थळाचा पूर्ण पत्ताच लिंकचा मजकूर म्हणून लिहिला आहे. मेल पाठवणारी सेवा किती जणांनी क्लिक केलं हे मोजण्यासाठी आतला खरा पत्ता बदलते, तिथे स्वतःच्या डोमेनचा (संकेतस्थळाच्या नावाचा) पत्ता घालते आणि तिथून वाचकाला तुमच्याकडे वळवते. म्हणजे डोळ्यांना दिसतंय वाचनालयाचं डोमेन आणि प्रत्यक्षात लिंक जातेय तिसरीकडेच. फसवणुकीची मेलं नेमकं हेच करतात. थंडरबर्डसारखे मेल वाचायचे प्रोग्रॅम ही तफावत पकडतात आणि इशारा देतात. त्यांचं काही चुकत नाही.

यावर मार्ग असे. लिंकच्या मजकुरात पत्ता लिहायचा नाही, काय होणार ते शब्दांत लिहायचं: 'वार्षिक वर्गणी भरा'. मग तफावतीचा प्रश्नच उरत नाही. वर्गणीच्या लिंकसाठी क्लिकची मोजणी बंद करा. बहुतेक सेवांमध्ये ती लिंकनिहाय किंवा अख्ख्या मेलसाठी बंद करता येते. मोजणी हवीच असेल तर तुमच्याच डोमेनचं एखादं उपडोमेन त्यासाठी जोडता येतं का ते सेवेत पाहा. लिंक लहान करून देणाऱ्या सेवा वर्गणीसाठी नकोतच, आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही. आणि थेट पेमेंटच्या पानावर नेऊ नका. आधी वाचनालयाच्या स्वतःच्या पानावर न्या, तिथून पुढे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँक डॉट इन या डोमेनवर यायला सांगितलं होतं, ते पैसे भरण्याआधी लोकांनी डोमेन बघून खात्री करावी म्हणूनच. तुमच्या सभासदालाही ती संधी द्या.

'येथे क्लिक करा' हे शब्द विसरून जा. एका पत्रात ते पाच वेळा आले की स्क्रीन रीडरमध्ये लिंकांची यादी काढणाऱ्याला पाचदा 'येथे' ऐकू येतं, आणि फोनवर घाईत वाचणाऱ्यालाही कोणतं 'येथे' कुठलं हे कळत नाही.

पत्ता नेहमी एचटीटीपीएसपासून पूर्ण द्या. वेबपानावर 'स्लॅश कार्यक्रम' एवढंच लिहून भागतं, कारण पानाला स्वतःचा पत्ता असतो आणि बाकीचा भाग ब्राउझर त्यावरून घेतो. मेलला असा पत्ता नाही. कॉपी करून आणलेल्या मेलमध्ये हे अर्धवट पत्ते हमखास सापडतात. अनुक्रमणिकेचं दुखणं त्याच घराण्यातलं. मेलच्या आतल्या आत उडी मारणारी लिंक कुठल्या ॲपमध्ये चालते, कुठल्यात नाही, कुठे ती ब्राउझर उघडून भलत्याच पानावर नेते. मी ती वापरत नाही. पत्राला अनुक्रमणिका लागत असेल तर पत्रच लांब झालंय. वरच्या मथळ्यांना संकेतस्थळावरच्या पानाच्या त्या त्या भागाची लिंक द्या, तिथे ती व्यवस्थित चालेल.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही पण पुढे अडेल, म्हणून सांगतो. मोठ्या कंपन्यांच्या मेलवर सुरक्षेची यंत्रणा बसवलेली असते आणि ती माणसाने मेल उघडण्याआधीच आतल्या लिंका स्वतः उघडून तपासते. त्यामुळे नुसती लिंक उघडली की काम झालं, अशी रचना करू नका. 'जागा राखून ठेवा' किंवा 'सभासदत्व रद्द करा' या लिंकने पान उघडावं, आणि पानावरच्या बटणाने काम व्हावं. नाहीतर सभासदाला काही माहीत नसताना त्याच्या नावाने खुर्ची राखली जाईल. मेल बंद करण्याच्या एका क्लिकच्या सोयीसाठी २०१७ साली जे मानक आलं, आरएफसी ८०५८ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम ठरवणारे दस्तऐवज), त्यातही नुसत्या लिंक उघडण्यावर भरवसा न ठेवता वेगळी विनंती पाठवायला सांगितलंय, ते याच कारणाने. जीमेल आणि याहूने २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना ही सोय बंधनकारक केली. जीमेलच्या लेखी मोठं म्हणजे दिवसाला पाच हजारांच्या आसपास. तुम्ही हजारात आहात, तरी ठेवा. बंद करायची वाट सापडली नाही की माणूस स्पॅमचं बटण दाबतो, आणि त्याचा फटका उरलेल्या सगळ्यांपर्यंत पोचायला बसतो.

मराठी पत्त्यांचंही बोलायला हवं. पानाच्या पत्त्यात 'मराठी' हा शब्द असेल तर ब्राउझरमधून कॉपी करताना त्याची टक्केचिन्हं आणि आकड्यांची पंचेचाळीस अक्षरी माळ होते: पाच चिन्हं, प्रत्येकाला तीन बाइट, प्रत्येक बाइटला तीन अक्षरं. मेलमध्ये ती ओळीच्या शेवटी तुटू शकते. ज्या पानांची लिंक मेलमधून द्यायची त्यांना छोटे रोमन पत्ते ठेवा. आणि उघडा पत्ता लिहायची वेळ आलीच तर त्याला विभक्तीचा प्रत्यय चिकटवू नका. आपण सहज लिहून जातो, 'आमच्या अमुक डॉट इनवर पाहा'. मेल प्रोग्रॅम आपणहून लिंक करताना तो 'वर'सुद्धा पत्त्यातच धरू शकतो, आणि मग पान सापडत नाही. पूर्णविरामाचंही तेच. उघडा पत्ता स्वतंत्र ओळीवर, मागे-पुढे काही न लावता लिहावा.

उघडा पत्ता येतो तो मुख्यतः साध्या मजकुराच्या प्रतीत. प्रत्येक चांगल्या मेलमध्ये दोन प्रती असतात, आधी साधा मजकूर आणि मग एचटीएमएल. याच क्रमाने, कारण वाचणारा प्रोग्रॅम त्याला समजणाऱ्यांपैकी शेवटची प्रत निवडतो. १९९६ च्या आरएफसी २०४६ मध्येच हे ठरलेलं आहे. तुमची सेवा साधी प्रत आपोआप बनवत असेल, पण एकदा उघडून वाचा. बऱ्याचदा तिथे चित्रांची नावं, तुटक मथळे आणि लिंकांची रास असते.

बटण हवं असेल तर चित्राचं करू नका. टेबलाच्या एका घराला रंग, आत लिंक, भोवती भरपूर पॅडिंग, अंगठ्याने सहज दाबता येईल एवढं. चित्रं बंद असली तरी ते दिसतं. लोगो पारदर्शक पीएनजीमध्ये काळ्या अक्षरांचा असेल तर फोनच्या डार्क मोडमध्ये तो नाहीसा होईल, त्यामागे पांढरी पट्टी ठेवा. फोन नंबरला प्लस ९१ लावून कॉलची लिंक द्या, ज्येष्ठ सभासद तीच सगळ्यात जास्त वापरतात असा माझा अनुभव आहे.

पाठवण्याआधी स्वतःला एक प्रत धाडून चार ठिकाणी बघा: संगणकावर जीमेल, फोनवर जीमेल, कुणाच्या तरी कचेरीतलं जुनं आउटलुक, आणि आयफोन. एकदा चित्रं बंद करून बघा. प्रत्येक लिंक खरंच दाबून बघा, नुसती नजर फिरवून चालत नाही. आणि 'किती जणांनी मेल उघडलं' या आकड्यावर फार विसंबू नका. २०२१ पासून ॲपल मेलमध्ये चित्रं वाचकाने मेल न उघडताही आधीच आणून ठेवायची सोय आहे, त्यामुळे तो आकडा फुगलेला असतो. व्याख्यानाला नोंदणी किती झाली, वर्गणी किती जमा झाली, हे मोजा.

नव्या पुस्तकांची मुखपृष्ठं तीन रकान्यांतच हवीत असं कार्यकारिणीचं म्हणणं असेल, तर त्यालाही वाट आहे. एका टेबलात तीन घरं करा, प्रत्येकाला टक्क्यांत नव्हे तर पिक्सेलमध्ये रुंदी द्या, चित्राच्या टॅगमध्येही रुंदी आकड्यात लिहा, कारण जुनं आउटलुक सीएसएसमधली रुंदी सोडून चित्र मूळ आकारात दाखवतं आणि मग सगळं उधळतं. फोनवर मुखपृष्ठं लहान दिसतील. पुस्तकाचं नाव आणि लेखक चित्राखाली मजकुरातच लिहा, त्या नावालाच लिंक द्या. तुम्ही कोणती सेवा वापरता आणि सभासदांपैकी साधारण किती जणांचे पत्ते कचेरीचे आहेत हे कळवलंत, तर टेबलाचा सांगाडा कसा असावा ते नेमकं सांगता येईल.